प्रोजेक्ट मुक्त करण्याआधीची तपासणी

उन्हाळी परीक्षा जवळ आल्या की शेगाव, चिखली, मलकापूर आणि बुलढाण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत फायनल इयरच्या प्रोजेक्टची धांदल उडते. खामगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातही तेच चित्र असते. कुणी बाजार समितीचे भाव दाखवणारे ॲप केलेले असते, कुणी ग्रंथालयाची देवघेव, तर कुणी बचत गटाचा हिशेब. व्हायव्हा आटोपते, रिपोर्टला बाइंडिंग होते, मार्क पडतात आणि कोड पेन ड्राइव्हमध्ये नाहीतर चौघांपैकी एकाच्या गिटहब खात्यावर पडून राहतो. आपले काम दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावे असे काही जणांना मनापासून वाटते. ‘आम्ही ते ओपन सोर्स केलंय’ असे ते सांगतातही. रेपॉझिटरी उघडून पाहावी, तर परवान्याची फाइलच नसते.

परवाना नसलेला कोड कायद्याने कुणालाच वापरता येत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रामला साहित्यकृतीत धरलेले आहे. कथा-कवितेसारखाच त्यावरचा हक्क लिहिताक्षणी आपोआप निर्माण होतो. नोंदणीची गरज नसते. लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षे तो हक्क टिकतो. गिटहबवर रेपॉझिटरी सार्वजनिक ठेवली, तर त्या संकेतस्थळाच्या अटींनुसार इतरांना ती तिथे पाहता येते आणि ‘फोर्क’ करता येते, एवढेच. ती आपल्या संस्थेत चालवणे, बदलणे आणि पुढे वाटणे यासाठी लेखी परवानगी लागते. परवाना म्हणजे हीच परवानगी.

मात्र जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची एक फाइल आणून फोल्डरमध्ये टाकली की काम झाले, असेही नाही. जी वस्तू आपली नाही ती आपल्याला मुक्त करता येत नाही. म्हणून रेपॉझिटरी जाहीर करण्याआधी तिच्यातली प्रत्येक गोष्ट कुणाची आहे आणि कोणत्या परवानगीने तिथे आली आहे, हे तपासावे लागते. शेत घेताना आपण सातबारा आणि फेरफार पाहतो, तशीच ही पाहणी. ती कशी करायची आणि कोड ठेवायचा कुठे, ते आता क्रमाने पाहू.

कसोटी कुणाची घ्यावी?

रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा सप्टेंबर १९८३ मध्ये केली. आपल्या शेगावचे इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच सालचे. या ग्नू प्रकल्पाचे ‘सवाना’ नावाचे होस्टिंग आहे. त्याचा एक भाग ग्नूच्या स्वतःच्या प्रोग्रामांसाठी आहे आणि दुसरा इतर सर्व मुक्त प्रकल्पांसाठी. गिटहबवर बटण दाबताच रेपॉझिटरी तयार होते. सवानावर आधी अर्ज करावा लागतो. अर्जात प्रकल्पाची माहिती, तो कोणत्या लायब्रऱ्यांवर चालतो आणि त्यांचे परवाने कोणते हे लिहून कोडचा गठ्ठाही दाखवावा लागतो. मग एखादा स्वयंसेवक तो गठ्ठा उघडून फाइली वाचतो आणि उणिवा लिहून कळवतो.

कोड तिथे ठेवायचा नसला तरी ती कसोटी जरूर वापरावी. तिथे उतरलेला प्रकल्प इतर कुठेही अडत नाही. कसोटी थोडक्यात अशी: प्रकल्पाचा परवाना मुक्त असावा आणि जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळावा. प्रकल्प जीपीएलखाली असेल, तर ‘किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती’ हे शब्द हवेत. परवान्याची पूर्ण प्रत सोबत हवी. प्रत्येक फाइलवर सूचना हवी. प्रोग्राम कोणत्याही बंदिस्त सॉफ्टवेअरवाचून चालला पाहिजे, आणि पूर्णपणे मुक्त अशा एका तरी ऑपरेटिंग सिस्टिमवर तो इतरत्र चालतो तितकाच चांगला चालला पाहिजे. माहितीपुस्तिकेचा परवानाही मुक्त हवा.

पहिली पायरी: मालक कोण?

चौघांनी मिळून केलेल्या प्रोजेक्टचे मालक चौघेही असतात. गटातल्या एकट्याने ‘मी जीपीएल लावले’ म्हणून भागत नाही. शेवटच्या वर्षानंतर एक जण पुण्याला, एक हैदराबादला आणि एक घरच्या दुकानात असतो. तेव्हा सह्या गोळा करत बसणे म्हणजे वरातीमागून घोडे. रिपोर्टवर गाइडची सही घ्यायला सगळे एकत्र जमतात, त्याच दिवशी एका कागदावर संमती घेऊन ठेवावी. मजकूर मराठीत चालतो. उदाहरणार्थ:

*आम्ही खाली सही करणारे ‘…………’ या प्रोग्रामचे सहलेखक आहोत. आमच्या वाट्याचा कोड आम्ही स्वतः लिहिला आहे. इतरांकडून घेतलेल्या भागांची यादी सोबत जोडली आहे. हा संपूर्ण प्रोग्राम जीपीएलच्या तिसऱ्या किंवा त्यानंतरच्या कोणत्याही आवृत्तीखाली, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभर, प्रसिद्ध करण्यास आमची संमती आहे.*

खाली तारीख, पूर्ण नावे आणि सह्या. ‘पूर्ण मुदतीसाठी’ आणि ‘जगभर’ हे शब्द गाळू नयेत. कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कलम ३०क ने हेच नियम आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू केले आहेत. हे सगळे दोन-तीन शब्दांत निभावते, मग वादाला जागा कशाला ठेवायची?

विद्यार्थी हा कॉलेजचा नोकर नसतो, म्हणून त्याच्या कोडचा पहिला मालक तोच. तरीही कॉलेजचे बौद्धिक संपदेबाबतचे धोरण असते. प्रवेशाच्या वेळी त्यावर सही केलेली असू शकते; ते वाचून घ्यावे. प्रोजेक्ट एखाद्या कंपनीने पुरस्कृत केला असेल तर तिच्याशी झालेला करार पाहावा.

नोकरदारांची गोष्ट वेगळी. कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. पतसंस्थेच्या आयटी विभागात काम करणाऱ्याने कामाच्या वेळेत लिहिलेला प्रोग्राम त्याला परस्पर मुक्त करता येत नाही; संस्थेचे पत्र लागते. जिल्हा परिषदेच्या शाळांतले आपले तंत्रस्नेही शिक्षक रात्री घरी बसून मुलांसाठी ॲप करतात. तेही नोकरीचा भाग धरले जाईल का, हा प्रश्न उद्या निघू शकतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून ‘हरकत नाही’ एवढे दोन ओळींचे पत्र आजच घेतले तर बरे.

याउलट, बाहेरच्या प्रोग्रामरला पैसे देऊन काम करून घेतले असेल तर ‘पैसे दिले म्हणजे कोड माझा’ हा समज चुकीचा ठरतो. लेखी हस्तांतर नसेल तर पहिला मालक तो प्रोग्रामरच राहतो. प्रोजेक्ट सेंटरमधून तयार आणलेल्या प्रोजेक्टला हाच नियम लागतो. तो कोड मुक्त करण्याचा अधिकार विद्यार्थ्याकडे नसतो, आणि अनेकदा तो सेंटरकडेही नसतो. असा प्रोजेक्ट इथेच बाजूला ठेवावा.

दुसरी पायरी: परवाना निवडा, नवा घडवू नका

‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’, ‘व्यावसायिक वापरास मनाई’, ‘शेतकऱ्यांनीच वापरावे’ अशा अटी सदिच्छेपोटी लिहिल्या जातात. त्या टाकताच प्रकल्प मुक्त राहत नाही. कोणत्याही कामासाठी चालवणे, आतून पाहून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रती वाटणे ही चारही स्वातंत्र्ये सर्वांना मिळाली तरच सॉफ्टवेअर मुक्त. मोताळ्याच्या दुकानदाराने तुमचा हिशेबाचा प्रोग्राम वापरून चार पैसे कमावले तर ते चालले पाहिजे. त्याच कारणाने क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘अव्यावसायिक’ अट असलेला परवाना सॉफ्टवेअरला लावू नये.

स्वतःच्या शब्दांत परवाना लिहिण्याच्या फंदातही पडू नये. प्रचलित परवाने वकिलांनी घासून-पुसून तयार केलेले आहेत. काही तर न्यायालयांतही टिकले आहेत. २००८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या एका मुक्त प्रोग्रामच्या खटल्यात स्पष्ट केले, की परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचाही भंग ठरू शकतो. त्या प्रोग्रामला रूढ परवाना होता, म्हणून लेखकाच्या हाती काहीतरी होते.

निवड तशी अवघड नाही. तुमच्या कामावर बेतलेले पुढचे कामही मुक्तच राहावे असे वाटत असेल तर २००७ मध्ये आलेली जीपीएलची तिसरी आवृत्ती घ्या. प्रोग्राम सर्व्हरवर चालणारा असेल, म्हणजे ग्रामपंचायतीचे किंवा पतसंस्थेचे वेब पोर्टल असेल, तर एजीपीएल अधिक योग्य. कुणी त्यात बदल करून सर्व्हरवर सेवा देऊ लागला, तर वापरणाऱ्यांना बदललेला कोड द्यावा लागतो. साध्या जीपीएलमध्ये, प्रत वाटली नाही तर तशी सक्ती नसते. लायब्ररी असेल आणि बंदिस्त प्रोग्रामांनीही ती वापरावी असे वाटत असेल तर एलजीपीएल. कुणी काहीही करा, फक्त माझे नाव ठेवा, एवढेच म्हणणे असेल तर एमआयटी किंवा अपाची २.०. अपाचीमध्ये पेटंटची परवानगीही लिहिलेली आहे आणि परवाना कायमचा व जगभरचा असल्याचेही स्पष्ट आहे. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये आरोग्य सेतू ॲपचा कोड खुला केला तो याच परवान्याखाली. आपल्या कायद्यातली मुदतीची भानगड ध्यानात घेता, एमआयटी आणि अपाची दोन्ही सारखेच पटत असतील तर अपाची घ्यावा.

‘मी हक्क सोडला, कुणीही वापरा’ असे रीडमीत लिहून मोकळे होणारेही भेटतात. कलम २१ प्रमाणे हक्क सोडता येतो, पण त्यासाठी निबंधकांना विहित नमुन्यात कळवावे लागते किंवा जाहीर सूचना द्यावी लागते. त्यापेक्षा एमआयटीची अर्ध्या पानाची फाइल सोपी.

जोडाजोडीकडेही लक्ष हवे. एकाच प्रोग्राममध्ये निरनिराळ्या परवान्यांचे भाग एकत्र येतात तेव्हा ते एकमेकांशी जुळावे लागतात. अपाची २.० चा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली असलेल्या कोडशी जुळत नाही. ‘फक्त दुसरी’ आणि ‘तिसरी’ हेही एकमेकांशी जुळत नाहीत. सवाना ‘किंवा त्यानंतरची’ हे शब्द मागते ते यासाठीच. स्टॅक ओव्हरफ्लोवरचे उत्तर जसेच्या तसे चिकटवले असेल तर त्याचाही परवाना असतो. मे २०१८ पासूनची उत्तरे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश-समवाटप ४.० परवान्याखाली आहेत. ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत घेता येतात, पण लेखकाचे नाव आणि दुवा द्यावा लागतो. एमआयटीच्या प्रकल्पात ती तशीच घेता येत नाहीत.

तिसरी पायरी: फाइलवार पाहणी

सवानावर सर्वांत जास्त अर्ज अडतात ते इथे. मुळाशी परवान्याची फाइल असते, पण आतल्या फाइलींवर काहीच लिहिलेले नसते. फाइली रेपॉझिटरीत कायम एकत्र राहत नाहीत. उद्या कुणी तुमची मराठी तारखांची एकच फाइल उचलून दुसऱ्या प्रकल्पात नेतो. तिच्या डोक्यावर सूचना नसेल तर ती पुन्हा बेवारस होते.

सूचनेचे तीन भाग असतात. पहिल्या ओळीत कॉपीराइट, साल आणि लेखकाचे पूर्ण नाव. ‘टीम बाजारभाव’ असे टोपणनाव नको; ज्याला संपर्क करता येईल असे नाव हवे. दुसऱ्या भागात परवान्याचे नाव आणि आवृत्ती. तिसऱ्या भागात हमी नाही हे सांगणारे वाक्य आणि पूर्ण परवाना कुठे वाचायला मिळेल ते. जीपीएलसाठी हा मजकूर परवान्याच्या शेवटी तयार दिलेला आहे. तो इंग्रजीतच जसाच्या तसा घ्यावा. परवान्याचे मराठी भाषांतर समजण्यासाठी रीडमीत जरूर द्या, पण कायदेशीर मजकूर मूळचाच राहू द्या.

हे हाताने करायला वेळ लागतो. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपच्या ‘रीयूज’ या उपक्रमाने त्यासाठी सोपी पद्धत आणि छोटे साधन दिले आहे. प्रत्येक फाइलच्या वर कॉपीराइटची एक ओळ आणि परवान्याच्या एसपीडीएक्स खुणेची एक ओळ लिहायची, आणि सगळ्या परवान्यांच्या प्रती एका फोल्डरमध्ये ठेवायच्या. मग साधनाला तपासणी करायला सांगितले की सूचना नसलेल्या फाइलींची यादी पडद्यावर येते. पहिल्यांदा ती यादी लांबलचक निघते. त्यात चित्रे, फाँट, सीएसव्ही, डेटाबेसची निर्यात अशा विसरलेल्या फाइली दिसतात, आणि खरी भानगड बहुधा त्यांच्यातच असते.

फाँट पाहू. मराठी अक्षर सुबक दिसावे म्हणून डीटीपीच्या दुकानातून आणलेला श्रीलिपी किंवा आकृतीचा फाँट सोबत जोडून दिलेला असतो. ते विकत मिळणारे फाँट आहेत. ते वाटण्याची परवानगी तुम्हाला नाही. त्यांची गरजही नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, आयआयटी मुंबईचा शोभिका, गूगलचा नोटो सान्स देवनागरी आणि रेड हॅटने पुढे आणलेला लोहित हे सगळे ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. लोहित आधी जीपीएलखाली होता, २०११ मध्ये तो ओपन फाँट लायसन्सखाली आला. या परवान्याप्रमाणे फाँट प्रोग्रामसोबत वाटता येतो, फक्त फाँट तेवढाच वेगळा विकता येत नाही. फाँटमध्ये बदल केलात तर राखीव ठेवलेले मूळ नाव वापरता येत नाही. फाँटच्या फोल्डरमध्ये त्याची परवाना-फाइलही ठेवावी.

चित्रांचेही तसेच. पहिल्या पडद्यावर लोणार सरोवराचा फोटो असतो आणि तो गूगलवर शोधून उचललेला असतो. विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याचे फोटो मिळतात. छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना लिहून ते वापरता येतात. स्वतः जाऊन काढला तर आणखी छान. सरकारी योजनेचे ॲप म्हणून वर सिंहांची राजमुद्रा लावण्याचा मोह तर अनेकांना होतो. २००५ च्या राजमुद्रेच्या गैरवापर प्रतिबंधक कायद्याने त्याला मनाई आहे. मुद्रा काढून टाका. कॉलेजचा, विद्यापीठाचा आणि बँकेचा लोगोही मुक्त करण्याच्या रेपॉझिटरीत ठेवू नका.

विकत घेतलेले ‘ॲडमिन टेम्पलेट’ हा आणखी एक खड्डा. पडद्यामागचा डॅशबोर्ड झकपक दिसतो, पण तो कुणीतरी बाजारातून घेतलेला किंवा कुणाकडून ‘मिळालेला’ असतो. त्याऐवजी एमआयटी परवान्याचे बूटस्ट्रॅप वापरावे. जावास्क्रिप्टच्या आकसलेल्या फाइली असतील तर त्यांचा मूळ वाचनीय कोडही सोबत द्यावा किंवा तो कुठे मिळतो ते लिहावे, कारण वाचता न येणारा कोड बदलताही येत नाही.

विदा आणि माणसांची माहिती

सोयाबीन, कापूस, तूर यांचे भाव दाखवणारा प्रोग्राम विदेवाचून चालत नाही. केंद्राच्या खुल्या विदेच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे दर मिळतात. तिथल्या विदेला २०१७ चा ‘गव्हर्नमेंट ओपन डेटा लायसन्स – इंडिया’ लागतो. विदा कुठून घेतली ते सांगून ती वापरता येते आणि वाटता येते. पण प्रत्येक सरकारी पानावर हा परवाना नसतो. एखाद्या पानावरून स्क्रिप्ट लावून आकडे ओढले असतील, तर त्या पानाच्या अटी वाचा आणि विदा रेपॉझिटरीत न ठेवता प्रोग्राम ती तिथूनच आणील असे पाहा. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप वापरला तर ‘ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ असे श्रेय नकाशावरच द्यावे लागते.

याहून मोठी जबाबदारी माणसांच्या माहितीची. चाचणी करताना गावातल्या खऱ्या शेतकऱ्यांची नावे, मोबाइल क्रमांक, क्वचित आधार क्रमांकही डेटाबेसमध्ये भरलेले असतात आणि डेटाबेसची निर्यात कोडसोबत चढवली जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा धाक नंतरचा. आधी ही त्या माणसांची फसवणूक होते. निर्यात काढा आणि कल्पित नावांची विदा भरा. गिटमध्ये फाइल पुसली तरी ती जुन्या कमिटमध्ये राहते, हे विसरू नका. पासवर्ड आणि एपीआय कीचेही तेच. की एकदा चढली असेल तर ती रद्द करून नवी घ्यावी. इतिहासात फार घाण असेल तर जुना इतिहास मागे ठेवून स्वच्छ प्रतीपासून नवी रेपॉझिटरी सुरू करणे सोपे.

चौथी पायरी: प्रोग्राम कशावर उभा आहे?

प्रोग्राम ज्या ज्या गोष्टींवर चालतो त्यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे परवाना लिहा. पीएचपी, पायथॉन, मारियाडीबी, पोस्टग्रेस, फ्लटर यांत अडचण नाही. व्हिज्युअल बेसिक ६ आणि एमएस ॲक्सेसवरचा जुना प्रोग्राम मात्र बंदिस्त पायावर उभा असतो. तुमचा कोड जीपीएलखाली आणला तरी वापरणाऱ्याला आधी बंदिस्त सॉफ्टवेअर घ्यावे लागते. तो सवानावर चालणार नाही. तो पायथॉनमध्ये नव्याने लिहिणे हाही पुढच्या बॅचसाठी चांगला प्रोजेक्ट होऊ शकतो.

अँड्रॉइड ॲपमध्ये फायरबेस आणि गूगल मॅप इतक्या सहज येतात, की आपण बंदिस्त भाग घेतोय हे ध्यानातच येत नाही. एफ-ड्रॉइड हे मुक्त ॲपचे भांडार तुमच्या कोडवरून ॲप स्वतः बांधते. बंदिस्त लायब्ररी आत असेल तर तिथे ॲप घेतले जात नाही, आणि बंदिस्त सेवेवर अवलंबून असेल तर तशी ठळक खूण लावून घेतले जाते. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर आणि सूचनांची सोय स्वतःच्या सर्व्हरवर नेता येते का, ते पाहा.

शेवटची परीक्षा सोपी आहे. एका रिकाम्या संगणकावर डेबियन टाका, रीडमीत लिहिल्याप्रमाणे एकेक पायरी करत प्रोग्राम बसवा. मध्येच कुठे ‘आता हे विकतचे साधन घ्या’ म्हणावे लागले, तर तुमची यादी अपुरी आहे.

पाचवी पायरी: कोड ठेवायचा कुठे?

इथे एक धडा इतिहासातून घ्यावा. गिटोरियस २०१५ मध्ये बंद झाले, गूगल कोड २०१६ च्या सुरुवातीला आणि मायक्रोसॉफ्टचे कोडप्लेक्स २०१७ मध्ये. २०१५ मध्येच सोर्सफोर्जवर गिंपच्या विंडोज प्रतीसोबत जाहिरातींचे जोडकाम वाटल्यावरून मोठा वाद झाला. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, क्रिमिया अशा ठिकाणच्या वापरकर्त्यांची खाती मर्यादित केली. होस्टिंग देणारा कितीही मोठा असला तरी घर त्याचे असते.

सवानावर जाहिराती नाहीत, तिथली साधनेही मुक्त आहेत. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०१६ मध्ये होस्टिंगचे मूल्यमापन केले तेव्हा सवानाला ‘ए’ श्रेणी मिळाली आणि गिटहबला ‘एफ’. पण सवानाचा चेहरामोहरा जुन्या वळणाचा आहे, आणि छाननी स्वयंसेवक करतात म्हणून धीर धरावा लागतो. अर्जात ‘ग्नू/लिनक्स’ आणि ‘मुक्त सॉफ्टवेअर’ असे लिहावे, असाही त्यांचा आग्रह असतो.

बर्लिनच्या एका ना-नफा संस्थेचे कोडबर्ग हा मधला मार्ग आहे. ते २०१९ पासून चालू आहे, दिसायला गिटहबच्या जवळचे आहे आणि मुक्त परवान्याच्या प्रकल्पांसाठीच आहे. गिटलॅबचे सॉफ्टवेअर कॉलेजच्या स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येते. गिटहब कुणालाही घेते, परवाना असो वा नसो; तिथे माणसे जास्त भेटतात, नोकरीच्या मुलाखतीतही तिथलाच दुवा मागतात. सरकारी कामासाठीचा कोड असेल तर केंद्राचे ओपनफोर्ज आहे. सरकारी ॲप्लिकेशनांचा कोड खुला करण्याच्या २०१५ च्या धोरणातून ते उभे राहिले.

माझा सल्ला असा: मूळ रेपॉझिटरी कोडबर्ग किंवा सवानावर ठेवा आणि तिचा आरसा गिटहबवर. गिटमध्ये दुसरा ‘रिमोट’ जोडून दोन्हीकडे पुश करायला फारसे कष्ट नाहीत. शिवाय फ्रान्सच्या इनरिया संस्थेने सुरू केलेल्या आणि युनेस्कोची साथ असलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहात आपली रेपॉझिटरी जतन करण्याची विनंती एकदा नोंदवा. प्रोजेक्टवर शोधनिबंध लिहिला असेल तर सर्नच्या झेनोडोवर त्या आवृत्तीची प्रत ठेवून डीओआय क्रमांक घ्या. निबंधात तोच द्यावा. खात्याचे नाव बदलले तरी दुवा तुटत नाही.

तपासनिसाचे पत्र आले तर

सवानाचा तपासनीस लिहितो तेव्हा भाषा रुक्ष असते. ‘अमुक चित्राचा परवाना कुठे आहे?’, ‘अमुक फाइलवर सूचना नाही’, ‘गठ्ठ्यात परवान्याची प्रत सापडली नाही’. ते नकाराचे पत्र नसते. मुद्द्यागणिक दुरुस्ती करा, नवा गठ्ठा चढवा आणि कोणत्या मुद्द्यावर काय केले ते त्याच क्रमाने लिहा. वाद घालण्याजोगी जागा क्वचितच असते. एखाद्या फाइलचा मूळ मालक सापडत नसेल, तर ती काढून टाकणे किंवा स्वतः नव्याने लिहिणे हाच मार्ग. ‘इंटरनेटवर होती’ हे उत्तर चालत नाही.

प्रकल्प स्वीकारला गेल्यावरही सवय मोडू नये. नवा माणूस पॅच पाठवतो तेव्हा त्याचे नाव कॉपीराइटच्या ओळीत जोडा आणि तो त्याच परवान्याखाली देतोय हे त्याच्याकडून लिहून घ्या. त्यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रत्येक कमिटखाली सहीची ओळ टाकण्याची पद्धत आहे. तीच आपण उचलावी. दहा माणसांचे योगदान झाल्यावर परवाना बदलायचा ठरवला तर दहांची संमती लागेल, म्हणून पहिला निर्णय विचारपूर्वक घ्या.

कॉलेजांनी काय करावे

ही सगळी तपासणी विद्यार्थ्याने एकट्याने, परीक्षा संपल्यावर करावी अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हा त्याचे लक्ष नोकरीकडे असते. प्रोजेक्टचे विषय मंजूर होतात तेव्हाच विभागाने विचारावे: परवाना कोणता? बाहेरचे भाग कोणते? विदा कुठली? रिपोर्टमध्ये प्रमाणपत्र आणि ऋणनिर्देश असतातच. त्यांच्यामागे एक पान परवान्यांचे जोडायला खर्च येत नाही. त्या पानावर प्रकल्पाचा परवाना, बाहेरून घेतलेल्या प्रत्येक भागाचे नाव, मालक आणि परवाना असा तक्ता, सहलेखकांची संमती आणि रेपॉझिटरीचा दुवा असावा. बाहेरचे परीक्षक व्हायव्हाला येतात तेव्हा त्यांनी या पानावर दोन प्रश्न जरी विचारले, तरी प्रोजेक्ट सेंटरचा माल आपोआप उघडा पडेल.

याचा फायदा पुढच्या बॅचला होतो. आज दर वर्षी ग्रंथालयाचा प्रोग्राम शून्यापासून लिहिला जातो, कारण मागच्याचा कोड कुणाचा आणि वापरता येतो का, हे कुणालाच ठाऊक नसते. परवान्याचे पान लागले की चिखलीच्या मुलांनी केलेल्या बचत गटाच्या हिशेबात मलकापूरची मुले पुढच्या वर्षी मोबाइलची सोय जोडतील, आणि संग्रामपूरचा एखादा गट तो बिनधास्त वापरेल. येत्या सत्रात प्रोजेक्ट समितीच्या पहिल्याच बैठकीत हे एक पान मंजूर करून घ्या. नमुना वर दिलेलाच आहे.